पॅप टेस्ट, एचपीव्ही आणि लैंगिक आरोग्याच्या तपासण्या: मनातल्या धास्तीला सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: “वय ३६, लग्नाला दहा वर्षं झाली. डॉक्टरांनी पॅप टेस्ट आणि एचपीव्हीची तपासणी करून घ्या म्हणून सांगितलं, सोबत क्लॅमिडिया, सिफिलिस, एचआयव्ही अशा तपासण्याही लिहून दिल्या. दोनदा वेळ ठरवली आणि दोन्ही वेळा काहीतरी कारण काढून रद्द केली. दुखेल याची भीती आहे, अनोळखी माणसासमोर कपडे उतरवायची लाज वाटते. पण खरी भीती वेगळीच आहे. लग्नाआधी माझं एक नातं होतं. रिपोर्टमधून ते कळेल का? आणि एचपीव्ही निघालाच तर नवऱ्याला काय सांगू?”

तुम्ही शेवटी लिहिलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते. दुखण्यावर तोडगा काढता येतो, लाजेवरही येतो. पण ही एक शंका मनात अडकली की बाई तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचतच नाही, हे मी इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये सतत पाहत आले आहे.

नाही, लग्नाआधीचं नातं रिपोर्टमधून कळणार नाही. पॅप आणि एचपीव्ही तपासणीसाठी गर्भाशयमुखावरून, म्हणजे गर्भाशयाच्या योनीत उघडणाऱ्या तोंडावरून, घेतलेल्या पेशी पाहून तुमचे संबंध कधी सुरू झाले, किती जणांशी आले, कुणाकडून काय आलं, यातलं काहीही सांगता येत नाही. मला नाही, पॅथॉलॉजिस्टला नाही, जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेला नाही. त्या नमुन्यातून दोनच गोष्टी पाहिल्या जातात: जास्त जोखमीचा एचपीव्ही आज तिथे सापडतो का, आणि पेशींच्या रूपात काही बदल दिसतो का.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, हे दोनशेहून अधिक विषाणूंचं मोठं घराणं आहे. त्यातले काही हातापायांवर चामखीळ उठवतात, काहींमुळे जननेंद्रियांवर मस येतात. साधारण चौदा प्रकार असे आहेत की ते गर्भाशयमुखाशी वर्षानुवर्षं ठाण मांडून बसले तर पुढे कॅन्सर होऊ शकतो. त्यांतही १६ आणि १८ या क्रमांकांचे दोन प्रकार मिळून गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना कारणीभूत असतात. जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या प्रयोगशाळेत हे दोन प्रकार १९८३ आणि १९८४ साली वेगळे काढले गेले आणि २००८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्याआधी या कॅन्सरचं नेमकं कारण हाती नव्हतं, आणि कारण हाती नसलं की लोक बाईच्या वागण्यावर बोट ठेवतात. आज कारण माहीत आहे, तरी ते बोट पूर्ण खाली आलेलं नाही. म्हणूनच इतकं तपशिलात लिहिते आहे.

हा विषाणू जननेंद्रियांच्या त्वचेच्या जवळच्या स्पर्शातून पसरतो. कंडोममुळे धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही, कारण कंडोमने झाकली न जाणारी त्वचाही असतेच. ज्यांचे लैंगिक संबंध आले आहेत अशा बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्हीचा संसर्ग होतो. आयुष्यभर एकच जोडीदार असलेल्यांनाही होतो. ताप नाही, खाज नाही, दुखणं नाही. दहातल्या जवळपास नऊ जणींच्या बाबतीत शरीराची प्रतिकारशक्ती दोनेक वर्षांत त्याला इतकं दाबून टाकते की तपासणीत तो सापडत नाही. उरलेल्यांमध्ये तो टिकतो. कधी कधी तो बरीच वर्षं सुप्त राहून पुन्हा डोकं वर काढतो.

आता हे तुमच्या बाबतीत लावून पाहा. समजा तुमच्या रिपोर्टमध्ये एचपीव्ही निघाला. तो गेल्या वर्षीचा की पंधरा वर्षांपूर्वीचा, हे ठरवायचं कुठलंही साधन नाही. तुमच्याकडून नवऱ्याला गेला की त्यांच्याकडून तुम्हाला आला, हेही ठरवता येत नाही. “एचपीव्ही निघाला म्हणजे कुणीतरी कुणाला फसवलं” असं म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं आहे. जोडपं एकत्र येतं तेव्हा मी दोघांना समोर बसवून हेच सांगते. एकटीने घरी सांगायची वेळ आली तर एवढं पुरे: “हा विषाणू जवळजवळ सगळ्यांना कधीतरी होतो, कधी झाला ते कळत नाही, बहुतेकदा आपोआप जातो, माझ्या बाबतीत तो राहिला आहे का यावर डॉक्टर लक्ष ठेवणार आहेत.” यातला शब्द न् शब्द खरा आहे. लग्नाआधीच्या नात्याबद्दल सांगायचं की नाही हा तुमचा खासगी निर्णय आहे. या रिपोर्टमुळे तो घ्यावा लागत नाही.

मग विषाणू इतका सर्रास आढळतो तर तपासायचा कशाला? कारण वेळ. प्रतिकारशक्ती ठीक असलेल्या बाईमध्ये टिकून राहिलेल्या संसर्गापासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास साधारण १५ ते २० वर्षांचा असतो. एचआयव्हीवर उपचार चालू नसतील किंवा दुसऱ्या कारणाने प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर तो ५ ते १० वर्षांवर येतो. इतकी लांब मुदत देणारे कॅन्सर फार थोडे. मधल्या काळात पेशींमध्ये जे बदल होतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, जाणवतही नाहीत, पण तपासणीत सापडतात आणि दवाखान्यातल्या छोट्या उपचाराने काढून टाकता येतात. ज्यांच्या नावावरून ‘पॅप’ हे नाव आलं त्या डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी १९२८ साली हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९४३ साली स्त्रीरोगतज्ज्ञ हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत त्यांनी सविस्तर काम प्रसिद्ध केलं आणि मग पॅप टेस्ट हळूहळू जगभर पोहोचली. जिथे ती नेमाने आणि सगळ्या बायकांपर्यंत नेली गेली, तिथे या कॅन्सरचं प्रमाण झपाट्याने उतरलं. आणि तरीही २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे साडेतीन लाख स्त्रिया याच कॅन्सरने गेल्या. यातल्या बहुतेक मृत्यूंना आळा घालता आला असता, ही गोष्ट मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

तपासण्यांची नावं ऐकून गोंधळ होतो, म्हणून थोडक्यात सांगते. पॅपमध्ये पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. एचपीव्ही तपासणीत त्याच जागच्या नमुन्यात विषाणूचा डीएनए शोधतात. तिसरी पद्धत म्हणजे गर्भाशयमुखावर पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड लावून पांढरे पडणारे डाग नुसत्या डोळ्यांनी पाहणं. जिथे प्रयोगशाळा जवळ नाही तिथे तिचा उपयोग होतो. तिन्हींत एचपीव्ही तपासणी जास्त भरवशाची आहे, कारण ती नकारात्मक आली तर पुढची काही वर्षं खरोखर निर्धास्त राहता येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून तिलाच पहिली पसंती दिली आहे: वयाच्या तिशीपासून, दर ५ ते १० वर्षांनी, एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांसाठी पंचविशीपासून, दर ३ ते ५ वर्षांनी. नुसती पॅप असेल तर सर्वसाधारणपणे दर ३ वर्षांनी. देशोदेशीचे नियम थोडे वेगळे असतात, तेव्हा तुमच्यासाठी किती अंतर योग्य ते डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. दरवर्षी करायची गरज बहुतेकींना नसते.

आता दुखण्याबद्दल. “अजिबात दुखत नाही” असं मी कुणालाही सांगत नाही. बहुतेकींना दाब जाणवतो, ओढल्यासारखं वाटतं, ब्रश फिरताना ओटीपोटात क्षणभर कळ येते. काहींना खरंच दुखतं: पाळी बंद झाल्यावर योनी कोरडी पडलेली असते, प्रसूतीच्या टाक्यांचा व्रण असतो, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असतो, योनीचे स्नायू आपोआप आवळले जाण्याचा त्रास असतो, किंवा कधी कुणी शरीरावर जबरदस्ती केलेली असते. अशा बाईला “जरा सहन करा” म्हणणं ही तपासणाऱ्याची चूक आहे. आधीचा अनुभव वाईट असेल तर तोही आम्हाला सांगा, त्याने आमचं काम सोपं होतं.

प्रत्यक्षात काय घडतं ते क्रमाने सांगते. कमरेखालचे कपडे काढायचे, वरचे तसेच राहू द्यायचे. सैल झगा किंवा लांब कुडता घालून गेलात तर बरंच झाकलेलं राहतं. अंगावर चादर असते. गुडघे दुमडून पाय बाजूला घ्यायचे. मग स्पेक्युलम नावाचं, दोन पात्यांचं साधन योनीत सरकवून हलकेच उघडतात, म्हणजे आतलं गर्भाशयमुख दिसतं. मऊ ब्रश त्यावर काही वेळा फिरवतात, ब्रश द्रवाच्या बाटलीत बुडवतात किंवा नमुना काचपट्टीवर घेतात, स्पेक्युलम काढतात. आतलं काम सहसा दोनेक मिनिटांत संपतं. सुई नाही, कापाकापी नाही.

यात तुम्हाला मागता येण्यासारखं बरंच आहे आणि ते मागायला संकोच करू नका. तपासणीसाठी महिला डॉक्टर किंवा नर्स हवी म्हणा. सोबत बहीण, मैत्रीण, नवरा, कुणीही असू दे. स्पेक्युलम वेगवेगळ्या मापांचे असतात, लहान मागा. धातूचा असेल तर कोमट करून घ्यायला सांगा. पाण्यावर आधारित वंगण थोडं लावता येतं. पाठीवर झोपून त्रास होत असेल तर डाव्या कुशीवर झोपून, गुडघे पोटाशी घेऊनही तपासणी होते. कमरेखाली स्वतःच्याच मुठी ठेवल्या तरी काहींना बराच आराम पडतो. स्पेक्युलम स्वतः आत सरकवायचा असेल तर तेही चालतं. माझ्याकडे येणाऱ्या काही जणी तसंच करतात आणि त्यांना ते खूप सोपं जातं. सगळ्यात महत्त्वाचं: सुरू करण्याआधीच ठरवून टाका की तुम्ही “थांबा” म्हणालात की हात थांबेल. त्या क्षणी तपासणी अर्धवट राहिली तरी काही बिघडत नाही, पुन्हा करता येते. चांगली डॉक्टर याला नाही म्हणत नाही. कुणी म्हणालीच, तर तुम्ही डॉक्टर बदला, तपासणी सोडून देऊ नका.

श्वास रोखून धरला की ओटीपोटाचे स्नायू आवळतात आणि स्पेक्युलम जास्त टोचतो. तोंडाने लांब श्वास सोडत राहा. जबडा सैल सोडा.

लाजेबद्दलही बोलते. केस काढले नाहीत, वास येईल का, अंगावरून पांढरं जातं आहे, पोट सुटलंय, योनीचा आकार “बरोबर” आहे का: या काळज्या मी रोज ऐकते. आमची नजर गर्भाशयमुखावर असते. केस काढायची काहीही गरज नाही. साध्या पाण्याने बाहेरून धुतलं की पुरे. आत पाण्याचा मारा करू नका, सुगंधी द्रावणं तर नकोच. त्याने नमुना खराब होतो आणि योनीचं नैसर्गिक संरक्षणही बिघडतं. आधीचे एक-दोन दिवस योनीत औषध, क्रीम किंवा टॅम्पोन नको आणि संबंधही टाळा. पाळी बंद झालेल्यांना कोरडेपणामुळे फार त्रास होत असेल तर आधी काही आठवडे योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम डॉक्टर देऊ शकतात. त्याने मोठा फरक पडतो.

आणि स्पेक्युलम नकोच असेल तर? एचपीव्ही तपासणीसाठी नमुना स्वतः घेता येतो. लांब कापसाची काडी किंवा छोटा ब्रश योनीत काही सेंटिमीटर सरकवायचा, गोल फिरवायचा, नळीत ठेवायचा. गर्भाशयमुखापर्यंत पोहोचावं लागत नाही. विषाणूचा डीएनए अनेक पटींनी वाढवून शोधणाऱ्या पीसीआर पद्धतीच्या तपासणीत अशा नमुन्याचा भरवसा डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास असतो. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून तपासणीस पात्र असलेल्या सगळ्यांना हा पर्याय खुला केला. तुमच्या दवाखान्यात याची सोय आहे का विचारा. मात्र त्यात विषाणू सापडला तर पेशी पाहण्यासाठी एकदा डॉक्टरांकडे जावं लागेल, हे आधीच लक्षात असू द्या.

रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. म्हणून त्यातल्या शब्दांचा अर्थ आधीच माहीत असलेला बरा.

“नमुना अपुरा” असं आलं तर पेशी कमी मिळाल्या किंवा रक्त, दाह यांमुळे नीट दिसल्या नाहीत. पुन्हा तपासायचं, एवढंच. “दाह” किंवा “इन्फ्लमेशन” हा शेरा फार सामान्य आहे आणि त्याचा कॅन्सरशी संबंध जोडायचा नसतो. एचपीव्ही पॉझिटिव्ह पण पेशी नॉर्मल असतील तर बहुधा वर्षभराने पुन्हा तपासतात, म्हणजे शरीराला त्याला घालवायला वेळ मिळतो. १६ किंवा १८ क्रमांकाचा निघाला तर सहसा वाट न पाहता कोल्पोस्कोपी (ती काय ते पुढे सांगते) करतात. “एएससी-यूएस” म्हणजे पेशी किंचित वेगळ्या दिसतात पण ठामपणे काही म्हणता येत नाही. “एलएसआयएल” म्हणजे सौम्य बदल, बहुतेकदा चालू असलेल्या एचपीव्ही संसर्गाचा परिणाम. “एचएसआयएल” म्हणजे लक्ष घालावं असे बदल, ज्यांच्यासाठी पुढची तपासणी टाळू नये. यातल्या कशाचाही अर्थ “तुम्हाला कॅन्सर आहे” असा होत नाही. चाचणीने फक्त कुणाला अधिक जवळून पाहायचं ते ठरवलं जातं.

कोल्पोस्कोपी म्हणजे बाहेर ठेवलेल्या भिंगाच्या यंत्रातून गर्भाशयमुख मोठं करून पाहणं. यंत्र आत जात नाही. १९२५ साली जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ हान्स हिन्सेलमान यांनी तयार केलेल्या साधनाचीच ही सुधारलेली पिढी. ॲसेटिक ॲसिड लावतात, थोडं चुरचुरतं. कधी आयोडिन लावतात. शंका वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, चिमटा बसल्यासारखं वाटतं, दोन-तीन दिवस थोडा रक्तस्राव होऊ शकतो. या तुकड्याच्या तपासणीच्या, म्हणजे बायोप्सीच्या, रिपोर्टमध्ये सीआयएन (कॅन्सरच्या आधीचे पेशींमधले बदल) १, २, ३ अशा वाढत्या पायऱ्या असतात. सीआयएन १ बहुतेक वेळा आपोआप मावळतो आणि त्यावर उपचार करायची घाई करू नये. मी तर कुणी घाई करत असेल तर दुसरं मत घ्या असंच सांगते. सीआयएन ३ मात्र काढून टाकायचाच. उपचार न केलेल्या सीआयएन ३ पैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याचं तीस वर्षांच्या अवधीत कॅन्सरमध्ये रूपांतर होतं, आणि ते नेमकं कुणाचं होईल हे आधी सांगता येत नाही. त्यावरचा उपचार म्हणजे जागेवर भूल देऊन विजेच्या तारेच्या वेटोळ्याने तेवढा भाग काढणं, किंवा उष्णतेने अथवा अतिशीत करून त्या पेशी नष्ट करणं. काम काही मिनिटांचं, त्याच दिवशी घरी. पुढे मूल हवं असेल तर ते आधी सांगा, कारण जास्त खोल भाग काढला तर वेळेआधी प्रसूतीचा धोका थोडा वाढतो आणि खोली ठरवताना त्याचा विचार करता येतो. गर्भाशय काढून टाकण्याची गरज अशा बदलांसाठी सहसा नसते. “पिशवीच काढून टाका, कटकट नको” हा सल्ला नुसत्या पॅपच्या रिपोर्टवर कुणी दिला तर अजिबात मान्य करू नका.

आता दुसरा भाग. पॅप केली म्हणजे सगळ्या लैंगिक संसर्गांची तपासणी झाली, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. पॅपमध्ये क्लॅमिडिया, गोनोरिया, सिफिलिस, एचआयव्ही शोधले जात नाहीत. तुम्हाला त्या वेगळ्या लिहून दिल्या आहेत, आणि त्यामागे तुमच्यावर संशय असण्याचं कारण नाही. अनेक डॉक्टर ठरावीक वयात, गर्भधारणेच्या आधी किंवा गरोदरपणात त्या सगळ्यांनाच सुचवतात. तरी “या का लिहिल्या?” असं सरळ विचारा. तुमच्या परवानगीशिवाय एकही तपासणी होता कामा नये, विशेषतः एचआयव्हीची.

क्लॅमिडिया आणि गोनोरियासाठी योनीतून स्वतः घेतलेला स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवरचा नमुना, उत्तम चालतो, स्पेक्युलम लागत नाही. पुरुषांची लघवी तपासतात. त्यासाठी तासभर आधी लघवी केलेली नसावी आणि सुरुवातीची धार घ्यायची असते. मुखमैथुन किंवा गुदमैथुन होत असेल तर घशाचा, गुदद्वाराचाही स्वॅब लागतो, नाहीतर संसर्ग निसटतो. हे सांगायला जीभ अडखळते, मला कल्पना आहे. डॉक्टर हा प्रश्न विचारते ती कुठून नमुना घ्यायचा हे ठरवण्यासाठी. सिफिलिस, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्यासाठी रक्त.

या तपासण्या करण्याचं खरं कारण असं की क्लॅमिडिया बहुतेक बायकांमध्ये काहीही लक्षण न दाखवता राहतो, आणि तोवर गर्भनलिकांपर्यंत चढून सूज, वंध्यत्व, नलिकेतली गर्भधारणा असे त्रास मागे ठेवू शकतो. सापडला तर प्रतिजैविकाच्या छोट्या कोर्सने बरा होतो. सिफिलिसवर पेनिसिलिन आजही रामबाण आहे. जोडीदारावर उपचार एकाच वेळी झाले नाहीत तर संसर्ग पुन्हा फिरून येतो. क्लॅमिडियाचं औषध संपून सात दिवस होईपर्यंत संबंध थांबवायचे आणि तीन महिन्यांनी एकदा पुन्हा तपासायचं. एचआयव्हीचं निदान झालं तर रोजच्या गोळ्यांनी विषाणू इतका दाबता येतो की रक्तात मोजता येत नाही, आणि तसा राहिला तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराला जात नाही. एक पॉझिटिव्ह चाचणी म्हणजे निदान नव्हे, दुसऱ्या वेगळ्या चाचण्यांनी ते पक्कं करावं लागतं. त्याआधी कुणालाही काहीही सांगायची घाई नको.

वेळेचा हिशेबही पाहावा लागतो. धोक्याच्या संबंधानंतर दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी खोटा दिलासा देते. क्लॅमिडिया-गोनोरियासाठी साधारण दोन आठवडे जाऊ द्यावेत. एचआयव्हीसाठी शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली प्रतिजन-प्रतिपिंड तपासणी (विषाणूचा अंश आणि त्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी खात्रीची मानतात, बोटातून रक्त घेऊन करायच्या झटपट चाचण्यांना ९० दिवसांपर्यंत लागतात, सिफिलिसलाही सुमारे तीन महिने. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधं मात्र ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तिथे रिपोर्टची वाट पाहायची नसते. लक्षणं नसताना हर्पीसची रक्ततपासणी मी करायला सांगत नाही. ती बऱ्याचदा चुकीची पॉझिटिव्ह येते आणि माणूस विनाकारण वर्षानुवर्षं कुढत बसतो. पुरुषांसाठी एचपीव्हीची नेहमीची तपासणी उपलब्ध नाही, तेव्हा “नवऱ्याचीही करून घेऊ” हा विचार इथे लागू पडत नाही. आणि पांढरं जाणं, खाज येणं म्हणजे प्रत्येक वेळी लैंगिक संसर्ग असतो असंही नाही. बुरशीमुळे किंवा योनीतल्या जिवाणूंचं संतुलन बिघडल्यानेही ते होतं.

क्लॅमिडियासारखं काही निघालं तर मात्र एचपीव्हीपेक्षा चित्र वेगळं असतं. तिथे जोडीदाराला सांगावं लागतं, कारण त्याच्यावर उपचार हवेत. तरीही ताबडतोब दोष देण्याआधी थांबा, क्लॅमिडियाही लक्षणांविना बराच काळ राहू शकतो. घरी सांगितल्यावर मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. कसं आणि कधी सांगायचं, कुणाला सोबत घ्यायचं हे तेव्हा मिळून ठरवता येतं. तुमचा रिपोर्ट तुमचा आहे. तो कुणाच्या हातात द्यायचा, फोन कुठल्या नंबरवर करायचा, मेसेज पाठवायचा की नाही, हे नमुना देतानाच कागदावर लिहून द्या.

काही जणींचे प्रश्न यात राहून जातात म्हणून घाईने दोन शब्द. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी चालू ठेवायची, कारण लशीमुळे सगळे जोखमीचे प्रकार थांबत नाहीत. कॅन्सर किंवा त्याआधीचे बदल नसताना गर्भाशय मुखासकट काढलं असेल तर सहसा गरज नसते. मुख ठेवलं असेल तर असते. ज्यांचे संबंध फक्त स्त्रियांशी आहेत त्यांनाही एचपीव्ही होतो. ज्यांना गर्भाशयमुख आहे अशा ट्रान्स पुरुषांनाही ही तपासणी लागते, आणि त्यांना ज्या नावाने हाक मारलेली हवी त्याच नावाने ती व्हायला हवी. कधीच कुणाशी संबंध आले नसतील तर धोका फारच कमी, डॉक्टरांशी बोलून ठरवा. बाळंतपणानंतर साधारण तीन महिने थांबा.

एक गोष्ट तपासणीच्या तारखेची वाट पाहणारी नाही. संबंधांनंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, रक्तमिश्रित किंवा घाण वासाचा स्राव सतत असणं. यातलं काही असेल तर मागच्या वर्षीचा रिपोर्ट नॉर्मल असला तरी लगेच डॉक्टरांना दाखवा. नियमित तपासणी काहीही त्रास नसलेल्यांसाठी असते. त्रास असेल तर त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पाळी संपून चार-पाच दिवस झाल्यानंतरची वेळ घ्या. फोनवरच सांगा: “पहिल्यांदाच करते आहे, भीती वाटते, महिला डॉक्टर आणि लहान स्पेक्युलम हवा.” पहिल्या भेटीत नुसतं बोलणं आणि स्पेक्युलम हातात घेऊन पाहणं झालं तरी चालेल, नमुना दुसऱ्या भेटीत. क्लॅमिडियाचा स्वॅब आणि रक्त त्याच दिवशी देऊन टाकलंत तर पुन्हा खेप पडणार नाही. आणि मध्येच पाळी आली किंवा मन कचरलं तर वेळ रद्द करणाऱ्या त्याच फोनवर पुढची तारीख मागून घ्या.